टेबलावर चालतं, गवतात बंद पडतं

आमच्या दुकानात आलेलं मशिन मी आधी हुंगते. टाकीचं झाकण फिरवायचं, नाक जवळ न्यायचं आणि डोळे मिटायचे. ताजं पेट्रोल नाकाला झोंबतं. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल शिळ्या वार्निशासारखा वास मारतं. आणि ज्यात ऑइल घातलेलंच नाही, त्या पेट्रोलचा वास इतका स्वच्छ असतो की मला रडू यायचं बाकी राहतं, कारण आत पिस्टन चिरलाय हे तेव्हाच कळतं. कोल्हापूरची माझी वहिनी म्हणते, एवढी शिकून तू वास घ्यायची नोकरी करतेस. तिला काय सांगणार.

मशिन म्हणजे गवत कापायचं मशिन. लांब नळी, तिच्या एका टोकाला छोटं इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची तार नाहीतर पोलादी पातं, आणि मधे पट्ट्यानं ते सगळं खांद्याला अडकवलेला माणूस. रस्त्याच्या दुभाजकावर डोक्याला टॉवेल गुंडाळून हा माणूस उभा असतो, आणि त्याचा आवाज आला की आपण गाडीची काच वर करतो. तर अशी मशिनं बिघडली की आमच्याकडे येतात. आमचं दुकान चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, मॅन्शनच्या खाली. मॅन्शन ऐकून महाल डोळ्यांपुढे आणू नका. एकेकट्या पुरुषांनी भाड्यानं राहायच्या खोल्या, एवढाच त्याचा अर्थ. वरची मंडळी रात्रपाळी करून दिवसा झोपतात आणि आम्ही खाली इंजिनं चालू करतो. आजवर मी जेवढी बोलणी मालकांची खाल्ली नाहीत, तेवढी वरच्या खिडक्यांतून खाल्ली आहेत.

मी या धंद्यात कशी पडले, हे मला नीटसं सांगता येत नाही. लग्न होऊन चेन्नईला आले. आमच्या ह्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी. ह्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकून माझ्या आईनं हळूच विचारलं होतं की स्थळ नक्की मराठीच आहे ना. घरात बसून जीव रमेना म्हणून दुकानात बिलं करायला लागले. मेकॅनिक गावी गेला तो आलाच नाही, गिऱ्हाईक समोर ओरडत होतं, आणि मी पाना हातात घेतला. तो अजून हातातच आहे. आता मालक मला 'सर्व्हिस इन्चार्ज' म्हणतात, गिऱ्हाइकं 'मॅडम' म्हणतात आणि मशिन चालवणारे 'अक्का' म्हणतात. बोलणं सगळं तमिळमध्ये चालतं, इथं मराठीत लिहितेय एवढंच.

या धंद्यात लोक गोंधळलेले येतात आणि मला गोंधळात टाकून जातात. मशिन कुठलं घ्यावं, हाच पहिला घोळ. परवा एक निवृत्त बँक अधिकारी आले. समुद्राच्या रस्त्याला बंगला, पुढं हिरवळ. "तुमच्याकडचं सगळ्यात मोठं द्या," म्हणाले. मी विचारलं, हिरवळ केवढी आहे? त्यांनी फोनवर फोटो दाखवला. दोन नऊवारी वाळत घातल्या तर संपेल एवढी. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला बॅटरीवरचं हलकं ट्रिमर पुरे. तार लावलेलं घ्या, पात्याच्या नादाला लागू नका. पातं झुडपांसाठी असतं, भिंतीला लागलं तर उलटं उसळतं आणि मशिनसकट माणूस फिरतो. त्यांना पटलं, घेऊन गेले. आठवड्यानं परत. काय झालं म्हटलं, तर म्हणाले, "मशिन उत्तम आहे. पण आवाजच येत नाही. मी काम करतोय हे घरात कुणाला कळतच नाही." आता यावर सर्व्हिस इन्चार्जनं काय करायचं? मी त्यांना चहा पाजला.

दुसरा घोळ पेट्रोलचा. आमची बरीचशी मशिनं टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. फोर-स्ट्रोकला मात्र ऑइलची जागा वेगळी. लोक पहिल्याला नुसतं पेट्रोल पाजतात आणि दुसऱ्याला मिसळलेलं. घसा फोडून सांगा, भिंतीवर चित्र लावा, काही उपयोग नाही. त्यात हल्लीचं पेट्रोल हवेतलं पाणी धरतं, आणि चेन्नईच्या हवेत पाण्याला काय तोटा. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये चिकटा बसत नाही. नायलॉनची तार उन्हानं कडक होते, ती आदल्या रात्री बादलीत भिजत घाला. हरभरे भिजवतो तशी. हे ऐकून प्रत्येक गिऱ्हाईक हसतं आणि कुणी भिजवत नाही.

एवढी वर्षं काढल्यावर थोडीफार मिजास येतेच. एअर फिल्टर बघून मशिन कुठल्या भागातून आलं ते मी सांगते. एन्नोरकडून आलेल्या फिल्टरमध्ये तिथल्या वीजकेंद्राच्या राखेची पूड असते, मरीनाकडचा फिल्टर झटकला की टेबलावर वाळू पडते, आणि सिरुसेरीच्या फिल्टरमध्ये बांधकामाची तांबूस धूळ. आमचे हे पाहुण्यांना ही माझी कला कौतुकानं सांगतात. पण सिरुसेरीहून आलेल्या एका मशिननं ती सगळी मिजास उतरवली. ते मशिन आठवलं की आजही माझं डोकं गरगरतं.

सिरुसेरीत मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची आवारं आहेत. त्यातल्या एका आवाराच्या बागेची देखभाल बघणारे नटराजन साहेब आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडून एक ब्रश कटर, म्हणजे हेच खांद्याला अडकवायचं मशिन, आलं. तक्रार एवढीच, थोडा वेळ चालतं, मग बंद पडतं. मी झाकण उघडून हुंगलं. पेट्रोल ताजं, ऑइल बरोबर. दोरी ओढली, पहिल्या झटक्याला चालू. प्लग बदलला, टाकीतला फिल्टर बदलला आणि परत पाठवलं.

आठवड्याच्या आत परत आलं. थोडा वेळ चालतं, मग बंद पडतं.

आता मी पदर खोचला. कार्बोरेटर सोडवून आतला रबराचा पडदा बदलला. सायलेन्सरमधली जाळी काजळीनं भरली तर इंजिन गुदमरतं, म्हणून ती जाळून साफ केली. गरम झाल्यावर ठिणगी पाडणारी कॉइल दगा देते, म्हणून कॉइल बदलली. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते बुजलं तरी असंच होतं, म्हणून झाकणात फुंकर मारून पाहिली. भोक अगदी मोकळं. मग मशिन टेबलाला आवळलं आणि चालू ठेवून समोर स्टुलावर बसले. वरच्या खिडकीतून एकानं ओरडून विचारलं, आज काय मॅन्शन पाडायचं ठरवलंय का? मी वर बघितलंसुद्धा नाही. टाकी संपेपर्यंत मशिन चाललं. एकदाही अडखळलं नाही.

परत पाठवलं. परत आलं.

मी एवढी वैतागले होते की घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. रात्री हे म्हणाले, "मशिन चांगलं असेल तर माणूस बघ. चालवणारा कोण आहे?" मी म्हटलं, मी काय पोलीस आहे का? पण तो प्रश्न डोक्यात घर करून बसला.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी नटराजन साहेबांचा फोन आला. "मॅडम, सरळ सांगा. मशिनमध्ये दोष आहे की नाही?"

मी म्हटलं, "आमच्या टेबलावर तरी नाही सापडला."

"मला तेवढंच हवं होतं," म्हणाले. मग सगळं सांगितलं. मुरुगेसन नावाचा माणूस ते मशिन चालवतो. थोडं गवत कापलं की मशिन बंद. मग हा बांधावर बसतो, झाकण उघडून टाकीत डोकावतो, पुन्हा झाकण लावतो, दोरी ओढतो, मशिन चालू. थोड्या वेळानं पुन्हा बंद, पुन्हा हा बसलेला. "वरच्या मजल्यावरून काचेतून सगळे बघतात. मला विचारतात, तुमचा माणूस सारखा बसलेला का असतो? मी एक दिवस तेच मशिन दुसऱ्या माळ्याला दिलं, तुमच्याकडून आल्या आल्या. दिवसभर चाललं. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? हा दम खायला मशिन बंद करतो. सगळ्या माळ्यांसमोर लबाड म्हटलं आणि या शुक्रवारनंतर येऊ नको म्हणून सांगितलंय त्याला."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्यांचं म्हणणं कुठंच चुकत नव्हतं. तरी मला ते गिळवेना.

संध्याकाळी दुकान आवरत होते तर दारात एक माणूस उभा. पन्नाशी ओलांडलेला, काटक, धुतलेला सदरा, दंडावर गवताचे बारीक ओरखडे. दोन बस बदलून आला होता. "मी मुरुगेसन," म्हणाला. "अक्का, मशिन चांगलं आहे असं तुम्ही सांगितलंत?"

मी म्हटलं, "माझ्याकडे चालतं ते. मी काय सांगू?"

"माझ्याकडे बंद पडतं."

"तुम्ही बंद करत नाही ना?" हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

तो रागावला नाही. मग म्हणाला, "त्या आवारात गवत लावलं तेव्हापासून मी आहे. काम गेलं तर दुसरं बघीन. एन्नोरला मेव्हणा आहे, तो कुठंतरी लावून देईल. पण लबाड म्हणून हाकललं तर मी काय सांगून नवीन काम मागू? माझ्या बायकोला काय सांगू? माझं मशिन खरंच बंद पडतं, अक्का."

मला त्याचं खरं वाटत होतं आणि मशिनचंही खरं वाटत होतं. दोन्ही खरं असेल तर मग काय, हे मात्र कळेना. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी मी येते. माझ्यासमोर चालवा. साहेबांना मी फोन करते. नटराजन साहेब तयार झाले, पण म्हणाले, "मॅडम, तुमच्यासमोर बंद पडलं तर तुम्ही कारण सांगायचं. कारण नाही सापडलं तर तो गेला." मी हो म्हटलं खरं. उगाच कशाला यात पडलीस, असं स्वतःलाच दहा वेळा विचारलं.

शुक्रवारी सकाळी सिरुसेरीला पोचले. काचेच्या इमारती, आणि त्यांच्यामधे ही एवढी मोठी हिरवळ, कडेनं वाढलेलं गवत. माळी लोक झाडाखाली उभे होते. आपल्यातल्याच एकाचं काय होतंय ते बघायला थांबले होते, पण बघतोय असं दाखवत नव्हते. नटराजन साहेब कॉफीचा कप हातात घेऊन आले. मशिन मी आदल्या दिवशीच पाठवून दिलं होतं, तपासून, धुऊन, पुसून.

मुरुगेसननं तयारी सुरू केली. मी त्याच्या हातांवर नजर ठेवून होते. लबाडी असेल तर ती हातांत दिसेल, असा माझा हिशेब. त्यानं पेट्रोल मिसळून टाकी भरली, झाकण घट्ट लावलं. तार बघितली. ती त्यानं रात्री भिजत घातली होती. मला इतकं बरं वाटलं. पाय झाकले, चष्मा लावला. मग खिशातून गोळ्यांची जुनी डबी काढली. त्यात ओलं चंदन होतं. टाकीच्या झाकणावर मधोमध चंदनाचा ठसठशीत ठिपका लावला, त्यावर कुंकू. हात जोडले. मग पट्टा खांद्याला अडकवला आणि दोरी ओढली.

मशिन लगेच चालू झालं. तो गवतात उतरला. काय सुरेख चालवत होता. कमरेतून वळायचा, हात स्थिर, तार जमिनीच्या जरा वर, मागं एकसारखा कापलेला पट्टा. पांढरे बगळे किडे टिपत त्याच्या मागं मागं चालले होते. नटराजन साहेबांची कॉफी संपली. मला वाटलं, आता हे चालतच राहणार, म्हणजे पुन्हा तेच, मशिन चांगलं आणि माणूस लबाड. आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज बारीक झाला, एकदा दचकलं आणि बंद.

मुरुगेसननं दोन्ही हात वर केले. "अक्का, बघा. मी बटणाला हात लावलेला नाही."

खरंच लावलेला नव्हता. मी बघत होते. मी गवतात धावत गेले आणि त्याला म्हटलं, कशालाही हात लावू नका. दोरी ओढून बघितली. नाही. पुन्हा ओढली. नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते मशिन माझ्यासमोर बंद पडलं होतं, आणि मला काय आनंद झाला ते कुणाला सांगून पटणार नाही. पण कारण? साहेब येऊन उभे राहिले होते. मी सवयीनं हात झाकणाकडे नेला, हुंगायला. झाकण जरासं फिरलं आणि आतून आवाज आला, सुस्स.

तेलाचा पत्र्याचा डबा एकाच बाजूनं भोक पाडून ओतायला गेलं की तेल अडखळतं आणि मग थांबतं. म्हणून आपण समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडतो, हवा जायला. टाकीचंही तसंच. पेट्रोल बाहेर जाईल तशी आत हवा यायला पाहिजे. नाही आली तर टाकी आवळून धरते, पेट्रोल पुढं येत नाही आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण उघडलं की हवा आत घुसते, हा तिचाच आवाज, आणि मशिन पुन्हा चालू होतं. थोडा वेळ.

पण झाकणाचं भोक तर मी फुंकून बघितलं होतं. मी खुळ्यासारखी झाकणाकडे बघत उभी राहिले. झाकणाच्या मधोमध ते भोक असतं. आणि झाकणाच्या मधोमध चंदनाचा ठिपका होता, इंजिनाच्या उष्णतेनं कडकडीत वाळलेला, वर कुंकू.

दिसत होता की मला तो. लावतानाही बघितला होता. पण चेन्नईत कशावर ठिपका नसतो? आमच्या फ्रिजवर आहे, मिक्सरवर आहे, ह्यांच्या स्कूटरवर आहे, दुकानाच्या कॉम्प्युटरवरसुद्धा आहे. कोल्हापूरला आम्ही खंडेनवमीला हत्यारांना झेंडू वाहतो, इथं आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना गंध लागतं. डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की तो दिसतो आणि दिसत नाही. आमच्याकडे मशिन आलं की आधी आमची मदतनीस पार्वतीअम्मा ते ब्रशनं घासून धुते आणि मग माझ्या टेबलावर ठेवते. मी तिला नंतर विचारलं, या मशिनला गंध असायचं का? "दर वेळी असायचं," ती म्हणाली. "त्यात काय सांगायचं?" म्हणजे रोग आमच्या दारात धुतला जात होता आणि मी टेबलावर तो शोधत बसले होते. मशिन परत गेलं की मुरुगेसन पुन्हा गंध लावत होता. दुसरा माळी लावत नव्हता, म्हणून त्याच्याकडे दिवसभर चाललं.

गंध पुसायला मी हात पुढं केला आणि मागं घेतला. परक्यानं लावलेलं गंध आपण कसं पुसायचं? मी मुरुगेसनला म्हटलं, "हे तुम्ही पुसा."

तो दचकला. "अक्का, आज शुक्रवार."

"माहीत आहे. पण याच्या खाली भोक आहे. मशिन तिथून श्वास घेतं. ते बंद झालंय."

तो खाली वाकून झाकणाकडे बघत राहिला. मग खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक ओलं केलं आणि गंध पुसलं, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तसं. भोकात अडकलेलं चंदन गवताच्या ताठ काडीनं टोकरून काढलं. दोरी ओढली. मशिन चालू झालं आणि टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत चाललं. हिरवळीची एक अख्खी कड साफ झाली.

मला वाटलं होतं तो हसेल. मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटत होती. पण त्यानं चष्मा काढला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "म्हणजे मीच," तो म्हणाला. "परत आलं की मला वाटायचं, आजारातून उठून आलंय, जरा जास्त लावावं. आणि मीच त्याचा श्वास कोंडत होतो." माझ्या आनंदाचं पाणी झालं. आणि त्याच्या पुढच्या प्रश्नानं तर मी गोंधळूनच गेले. "मग कुठं लावू, अक्का?"

कंपनीच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला हे कुणी शिकवलेलं नाही. मी मशिनभोवती फिरून बघू लागले. सायलेन्सरवर नको, जळेल. एअर फिल्टरवर नको, पंख्याच्या जाळीवर नको, तिथूनही हवा जाते. खालच्या गार्डवर नको, तिथं चिखल उडतो, बरं दिसत नाही. शेवटी लांब नळीवर, हँडलच्या जरा वर, बोट ठेवलं. "इथं," म्हटलं. "इथं कितीही लावा." तो मान डोलावून ती जागा नीट बघून घेत होता.

एव्हाना माळी जवळ येऊन उभे राहिले होते. नटराजन साहेब हसत होते. तसे वाईट नाहीत ते, पण त्यांना सुटल्यासारखं झालं होतं आणि सुटलेला माणूस जरा जास्त बोलतो. "म्हणजे शेवटी यानंच केलं होतं म्हणायचं," म्हणाले. "बरं, जाऊ दे. मुरुगेसन, तुला काढत नाही. हे गंध-बिंध बंद कर आणि लाग कामाला."

मी म्हटलं, "साहेब, नळीवर चालेल गंध."

"चालेल तर चालेल. चला, सुरू करा."

मुरुगेसन हलला नाही. मशिन खांद्याला तसंच, दोन्ही हात हँडलवर. मला वाटलं, टाकी रिकामी आहे म्हणून थांबलाय.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही या सगळ्यांसमोर मला लबाड म्हणालात."

"अरे, झालं ना आता. कामावर ठेवलंय ना?"

"गंध मी लावलं. भोक मी बुजवलं. ते माझ्याकडून झालं. पण मी खोटं बोललो नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मशिन आपोआप बंद पडत होतं, साहेब. त्यानं बंद केलं नाही. मी बघितलंय." मला त्या क्षणी मुरुगेसनसाठी भीती वाटत होती आणि त्याचा अभिमानही वाटत होता. पुन्हा कामावर घेतलंय, आता गप्प बस की बाबा, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, हलू नकोस.

साहेबांनी रिकामा कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग माळ्यांकडे वळून म्हणाले, "मुरुगेसन खरं बोलत होता. मशिन बंद पडत होतं." आणि जरा थांबून, त्याच्याकडे बघून, "मी चुकीचं बोललो."

"सरि, सार," मुरुगेसन म्हणाला. बरं, साहेब. एवढंच.

मग त्यानं पट्टा सोडला, मशिन गवतावर आडवं ठेवलं, आणि हिरवळीच्या मधोमध, वरच्या सगळ्या काचांच्या समोर, मांडी घालून खाली बसला. पेट्रोलचा डबा जवळ ओढला, झाकण उघडलं आणि सावकाश टाकी भरू लागला. साहेब तिथंच उभे होते, माळी उभे होते, मी उभी होते. तो बसलेला होता, आणि का बसलाय असं आज कुणी विचारलं नाही.